बॅले शाळेच्या ऑडिशनआधी काय विचारून घ्यावे : नाशिकहून इंग्लंडला येणाऱ्या पालकांसाठी

अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून किंवा पुण्याच्या आयटी कंपन्यांतून बदली होऊन नाशिकची जी कुटुंबे इंग्लंडला येतात, त्यांतील काहींची मुले इथल्या शनिवारच्या नृत्यवर्गात रमतात आणि वर्षा-दोन वर्षांत एखादी शिक्षिका सुचवते की हिला बॅलेच्या व्यावसायिक शाळेसाठी ऑडिशन द्यायला हरकत नाही. माझी मुलगी या वाटेने गेली आहे आणि तिच्यानंतर आपल्याकडची बरीच मुले त्याच वाटेवर जाताना मी पाहिली आहेत. पालक दरवेळी त्याच ठिकाणी अडखळतात. निकाल लागल्यावर ते विचारू लागतात की निवड कशी झाली, कोणी केली आणि आमच्या मुलीत काय कमी होते. तोपर्यंत उशीर झालेला असतो. या शाळांकडून न्यायाची अपेक्षा करायची असेल, तर सगळे प्रश्न अर्ज भरण्याआधी आणि लेखी विचारावे लागतात.

बॅलेचे शिक्षण आणि नेहमीचे शालेय शिक्षण एकाच छताखाली देणाऱ्या शाळा इथे मोजक्याच आहेत. निनेट डी व्हाल्वा यांनी 1926 मध्ये सुरू केलेल्या संस्थेतून रॉयल बॅले स्कूल उभे राहिले; त्याची 11 ते 16 वयोगटाची शाळा लंडनच्या रिचमंड पार्कमधील व्हाइट लॉजमध्ये आहे आणि त्यापुढचे शिक्षण कोव्हेंट गार्डनमध्ये होते. बर्मिंगहॅमला एल्महर्स्ट, हर्टफर्डशरमध्ये ट्रिंग पार्क आणि चेस्टरला हॅमंड या शाळा आहेत. या खासगी शाळा आहेत, बरीच मुले वसतिगृहात राहतात आणि शुल्क भरमसाट आहे. जानेवारी 2025 पासून खासगी शाळांच्या शुल्कावर 20 टक्के व्हॅटही लागू झाला आहे. सरकारच्या म्युझिक अँड डान्स स्कीममधून कुटुंबाच्या उत्पन्नानुसार मदत मिळते, परंतु तिला वास्तव्याच्या अटी आहेत, आणि नव्याने आलेल्या कुटुंबाने त्या ऑडिशनचे पैसे भरण्यापूर्वीच वाचाव्यात. जागा मिळाली पण मदत मिळणार नाही, हे मुलीला नंतर सांगण्यासारखे दुसरे दुःख नाही.

आपण ज्या व्यवस्थेतून येतो तिथे निवडीचा काही ना काही हिशेब समोर असतो. नवोदयच्या परीक्षेची निवड यादी लागते, गांधर्व महाविद्यालयाच्या कथक परीक्षेत क्रियात्मकचे आणि शास्त्राचे गुण मिळतात, आरटीईच्या 25 टक्के जागांची सोडत निघते. यांतील कोणत्याही पद्धतीबद्दल तक्रारी असू शकतात, परंतु तक्रार कशाविरुद्ध करायची हे तरी ठाऊक असते. इथल्या सरकारी शाळांनाही प्रवेशाची नियमावली बंधनकारक आहे, प्राधान्यक्रम जाहीर करावा लागतो आणि नकार मिळाल्यास स्वतंत्र समितीपुढे अपील करता येते. बॅलेच्या व्यावसायिक शाळा मात्र खासगी असल्यामुळे ती नियमावली त्यांना लागू नाही आणि कायद्याने मिळणारे ते अपीलही नाही. आपल्या माहिती अधिकारासारखा 2000 सालचा कायदा इथे आहे, पण तो खासगी शाळांना लागू होत नाही. किती मुलांनी अर्ज केले, किती जागा होत्या, त्यांतील किती आधीच ठरल्यासारख्या होत्या, हे सांगण्याची सक्ती त्यांच्यावर नाही. याचा अर्थ या शाळा लबाडी करतात असा नाही. परीक्षक मंडळातील बहुतेक माणसे आयुष्यभर नाचलेली असतात आणि मन लावून पाहतात, असे माझे मत आहे. परंतु पाहणाऱ्याचा प्रामाणिकपणा आणि पद्धतीचा उघडेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी मागण्याचा हक्क पैसे भरणाऱ्या पालकांना आहे.

आता जी चूक सर्वांत महाग पडते, तिच्याबद्दल. इंग्लंडमध्ये सहाव्या इयत्तेतील मुलाने सातवीच्या सरकारी शाळेसाठी 31 ऑक्टोबरपर्यंत स्थानिक परिषदेकडे अर्ज करायचा असतो आणि 1 मार्चच्या सुमारास शाळा कळते. बॅले शाळांच्या ऑडिशनच्या फेऱ्या याच महिन्यांत चालू असतात आणि अंतिम निकाल पुष्कळदा ती मुदत उलटून गेल्यावर येतो. माझ्या ओळखीच्या, गंगापूर रोडवरून आलेल्या एका कुटुंबाने पहिल्या फेरीत मुलीची निवड झाल्याच्या आनंदात सरकारी शाळेचा अर्जच केला नाही. अंतिम फेरीत नकार आला. उशिरा केलेल्या अर्जांचा विचार वेळेत आलेल्या अर्जांनंतर होतो, त्यामुळे घराजवळची चांगली शाळा भरून गेली होती आणि ती मुलगी पुढे वर्षानुवर्षे दोन बस बदलून, तिला न आवडणाऱ्या शाळेत जात राहिली. ऑडिशन कितीही चांगली गेली असली, शिक्षिकेने कितीही खात्री दिली असली, तरी 31 ऑक्टोबरच्या आत सरकारी शाळेचा अर्ज झालाच पाहिजे. त्या अर्जामुळे बॅले शाळेतील संधी कमी होत नाही. बॅलेच्या जागेचे पत्र हातात पडल्यावर सरकारी शाळेतील जागा एका ओळीच्या निरोपाने सोडता येते. उलट दिशेने असा निरोप पाठवता येत नाही. माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या प्रत्येक कुटुंबाला मी हे सांगते आणि तरीही दर एक-दोन वर्षांनी कोणीतरी हेच करते.

वयाचा हिशेबही इथे वेगळा आहे. 1 सप्टेंबर ते पुढच्या 31 ऑगस्टपर्यंत जन्मलेली मुले एका इयत्तेत धरली जातात, म्हणून नाशिकला पाचवीत असलेली मुलगी इथे कोणत्या वर्षात मोडते हे जन्मतारखेवरूनच पाहावे.

ऑडिशनमध्ये काय पाहतात, हा प्रश्न अधिक खोल आहे. मुलांच्या कपड्यांवर क्रमांक लावतात, एक वर्ग घेतला जातो आणि परीक्षक टिपणे घेत बसतात. पालकांना आत प्रवेश नसतो. आपल्याकडे गुरूंच्या वर्गात कडेला सतरंजीवर बसून सगळे पाहण्याची सवय असलेल्या आयांना हे बंद दार फार जाचते. आत ताल, लक्ष, सूचना ऐकून लगेच करण्याची क्षमता आणि नाचण्यातला आनंद हे सगळे पाहतात, पण त्याबरोबर शरीरही पाहतात: नितंबाच्या सांध्यातून पाय बाहेर किती वळतो, पावलाची कमान कशी आहे, पाठीचा कणा किती लवचीक आहे, हातपायांचे धडाशी प्रमाण कसे आहे. अंतिम फेरीत अनेकदा फिजिओथेरपिस्टकडूनही तपासणी होते. पाय बाहेर वळण्याची क्षमता मोठ्या प्रमाणात सांध्याच्या हाडांच्या घडणीवर अवलंबून असते आणि सरावाने ती ठरावीक मर्यादेपलीकडे वाढत नाही. ही गोष्ट ज्यांना कोणी सांगितलेली नसते ते पालक मुलीकडून घरी तासन्तास पाय वळवून घेतात; मग ते वळण नितंबातून न येता गुडघ्यातून आणि घोट्यातून येऊ लागते आणि अकराव्या वर्षीच गुडघे दुखायला लागतात. हाडांची घडण निवडीत धरली जात असेल तर शाळेने ते अर्जाच्या माहितीतच स्पष्ट लिहावे, असे मला ठामपणे वाटते. मूल कष्ट कमी पडले म्हणून स्वतःला दोष देत बसते आणि कारण मात्र त्याच्या सांध्यात असते, हा अन्याय मला नकारापेक्षाही मोठा वाटतो.

कथक शिकलेल्या मुलीने ते लपवू नये. ततकाराची सवय असलेल्या पायांना पावले बाहेर वळवून उभे राहायला काही काळ लागतो, हे खरे आहे. परंतु तीनतालात पक्के बसलेले मूल अनोळखी संगीतावरही लयीत उभे राहते, आणि स्वतः काही रचून दाखवण्याचा भाग असेल तर तिच्याजवळ दाखवण्यासारखे पुष्कळ असते. रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या श्रेणी परीक्षांत विशेष गुण मिळाले म्हणजे दार उघडले, असे मात्र समजू नये. परीक्षा तयार केलेला अभ्यासक्रम तपासते, ऑडिशन पुढच्या आठ वर्षांची शक्यता अजमावते.

शाळेला कोणते प्रश्न पाठवावेत, तेही सांगते. परीक्षक मंडळात किती जण असतात, आणि त्यांतील कोणी अर्जदार मुलांना खासगी शिकवणी देतो का? देत असेल तर त्या मुलाच्या वेळी तो बाजूला होतो का? मागील वर्षी सातवीत घेतलेल्या मुलांपैकी किती जण त्याच शाळेच्या सहयोगी वर्गांतून, म्हणजे शनिवार-रविवारच्या ज्युनिअर असोसिएट वर्गांतून किंवा उन्हाळी शिबिरांतून आले होते? या प्रश्नावर मी सर्वाधिक भर देते. दोन वर्षे दर आठवड्याला नजरेखाली असलेले मूल परीक्षकांना ओळखीचे असते, त्याची प्रगती त्यांनी पाहिलेली असते. परके मूल तासाभरात पाहिले जाते. त्यात कपट नाही, पण तो फरक आहे. त्या वर्गांचे आणि शिबिरांचे पैसे पडतात, त्यामुळे ज्याला ते परवडत नाहीत तो मागे पडतो, आणि शाळेला याची जाणीव आहे की नाही हे तिच्या उत्तरावरून कळते. पहिली फेरी चित्रफितीवर असेल तर घरातल्या खोलीत मोबाइलवर केलेले चित्रण चालते का, हेही विचारावे. भाड्याच्या आरशांच्या स्टुडिओतले चित्रण आपोआप देखणे दिसते. शेवटचा प्रश्न असा की नकार दिल्यास दोन ओळींचे तरी कारण देणार का? बहुतेक ठिकाणी अर्जदार फार असल्यामुळे देता येत नाही असे उत्तर येईल. तेही लेखी असू द्यावे.

इंग्रज माणसाच्या सौजन्याबद्दल इथे थोडे सांगायला हवे. ऑडिशननंतर दारात उभी असलेली बाई मुलीला छान नाचलीस म्हणते, ती सगळ्यांनाच म्हणते आणि मनापासून म्हणते. त्यातून निकाल वाचू नये. त्याच सौजन्यामुळे स्पष्ट प्रश्नाचा रागही येत नाही. मुद्देसूद, नम्र ईमेलला इथे उत्तर मिळते, हा माझा अनुभव आहे. आपली माणसे मात्र प्रश्न विचारायला बिचकतात आणि त्याऐवजी ओळख शोधतात. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, दिवाळीच्या फराळात, कोणाचा कोण त्या शाळेत आहे याची चौकशी चालते. वशिल्याची ही सवय कृपा करून मुंबईच्या विमानतळावरच सोडावी. तिचा उपयोग होत नाही आणि मुलापर्यंत तिचा वास पोहोचतो. दुसरी खोड याहून वाईट आहे: ज्यांच्या मुलांची निवड झाली ते माहिती दडवून ठेवतात, जणू दुसऱ्या मराठी मुलीला मुदत कळली तर आपल्या मुलीची जागा जाईल. मुदती आणि प्रश्न सर्वांना कळणे हा पारदर्शकतेचा आपल्या हातातला भाग आहे आणि निदान त्यात आपण कमी पडू नये.

काही लहान गोष्टी. कानातले, बांगड्या, गळ्यातला काळा दोरा हे सगळे आधी काढून ठेवावे. गुलाबी मोजे आणि गुलाबी चपला गोऱ्या कातडीच्या रंगाशी जुळवून ठरल्या होत्या. फ्रीड ऑफ लंडन या कंपनीने बॅले ब्लॅक या नृत्यसंस्थेबरोबर तपकिरी पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभे राहून नाचण्याच्या चपला) बाजारात आणायला 2018 साल उजाडले. आपल्या मुलीला स्वतःच्या वर्णाचे मोजे घालायचे असतील तर चालेल का, हे आधी विचारावे. हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. वसतिगृहातील शाकाहारी जेवण प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

निवड झाली तरी पडताळणी संपत नाही. पुढच्या वर्षी मुलाला शाळेत ठेवायचे की नाही याचा आढावा घेतात का, कोणत्या इयत्तेत, किती आधी कळवतात, आणि वजनाबद्दल मुलांशी कोण, कोणत्या शब्दांत बोलते, हे जागा स्वीकारण्यापूर्वी विचारावे. 2023 मध्ये बीबीसीच्या पॅनोरामा कार्यक्रमात ब्रिटनमधील बॅले शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी शरीरावरून ऐकलेल्या टोमण्यांबद्दल सांगितले, तेव्हापासून हे प्रश्न शाळांना अनपेक्षित राहिलेले नाहीत. आणि अकराव्या वर्षी नकार आला तर वाट बंद झाली असेही नाही. मुंबईत शिकलेला अमीरुद्दीन शाह किशोरवयात रॉयल बॅले स्कूलच्या वरच्या शाळेत पोहोचला. सोळाव्या वर्षी सगळ्याच शाळा नव्याने मुले घेतात, आणि तोवर घरी राहून शिकणाऱ्यांसाठी सरकारी मदतीवर चालणारी सेंटर्स फॉर अॅडव्हान्स्ड ट्रेनिंग आहेत.

नकाराचे पत्र आल्यावरही हातात एक कायदेशीर साधन उरते आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. 2018 च्या माहिती संरक्षण कायद्याखाली आपल्या मुलाविषयी शाळेने नोंदवून ठेवलेली माहिती मागता येते, आणि खासगी शाळांनाही हा कायदा लागू आहे. मुलाचे पूर्ण नाव, ऑडिशनची तारीख आणि क्रमांक देऊन परीक्षकांची टिपणे, गुण आणि तपासणीचा अहवाल मागणारे साधे ईमेल पुरते. त्याला शुल्क नाही आणि साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. इतर मुलांविषयीचा मजकूर काळा करून कागद येतील, कधी केवळ एक आकडा आणि दोन शब्द असतील, कधी टिपणे ठेवलेलीच नाहीत असे उत्तर येईल. टिपणे नष्ट होण्याआधी, म्हणजे निकालाच्या आठवड्यातच, हे पत्र पाठवावे. आलेले कागद प्रथम मुलीच्या नृत्यशिक्षिकेला दाखवावेत, त्यांतील कोणती गोष्ट सरावाने बदलते आणि कोणती बदलत नाही हे तिच्याकडून समजून घ्यावे, आणि मुलीला तेवढेच सांगावे.