पुण्याहून खाडी बघायला जायचंय? आधी तिथी बघा, मग गाडी काढा

पुण्यात फ्लेमिंगो म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, भिगवण. छानच आहे भिगवण, मीही दरवर्षी जाते, पण ते उजनीचं धरणाचं पाणी, सकाळी जा नाहीतर दुपारी जा, पाणी आपल्या जागेवर असतं. खाडीचं तसं नाही. खाडी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा रिकामी होते, आणि तिथला प्रत्येक जीव, पक्षी, खेकडा, निवटी, मिठागरातला माणूससुद्धा, त्याच हिशोबाने जगतो. हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी मावशीला पहाटे साडेचारला उठवून, डबे भरून नवी मुंबईत ठाणे खाडीकाठी नेरुळला घेऊन गेले, ऐन ओहोटीला पोचलो, आणि समोर नुसता चिखल. पक्षी होते, पण इतके लांब की दुर्बिणीतून गुलाबी रेघ दिसत होती. मावशी काही बोलली नाही, पण परतीच्या वाटेवर खोपोलीचा वडापाव खाताना म्हणाली, "अगं आमच्या आईला तिथीवरून भरती कळायची." (आजी मूळची अलिबागकडची.) तिथून माझं शिक्षण सुरू झालं.

तर तो हिशोब आधी सांगते, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, जे उत्तर येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे ३ वाजता भरती, अष्टमीला ६ वाजता, दशमीला साडेसात. शुक्ल असो की कृष्ण, दोन्ही पक्षांत तोच नियम, आणि पहाटेची एक दुपारची एक अशा दोन भरत्या, मध्ये सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढा आणि बघा, दोन मिनिटांचं काम आहे. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतंच, निघायच्या आदल्या दिवशी त्याच्याशी ताडून घ्या, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण तिथीचा हिशोब डोक्यात असला की महिनाभर आधी रविवार ठरवता येतो.

आता कुठला रविवार? अमावास्या किंवा पौर्णिमेपासून पुढे तृतीयेपर्यंतचा. दोन कारणं. एक म्हणजे या दिवसांत उधाण असतं, पाणी जास्त वर चढतं, खाडीतला सगळा चिखल बुडतो आणि पक्ष्यांना उठून आत यावंच लागतं, मागच्या तळ्यांत, मिठागरांत. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ती लेचीपेची, पक्षी लांबच बसून राहतात. दुसरं कारण अगदी पुणेरी सोयीचं, भरती दुपारी १२ ते सव्वादोनच्या मध्ये पडते म्हणजे तुम्ही सकाळी सहाला निघून आरामात पोचता, पक्षी यायच्या आधी.

सीझन डिसेंबर ते मे. मला स्वतःला फेब्रुवारी-मार्च आवडतो, ऊन सोसवतं आणि संख्या चांगली असते. एप्रिल-मेमध्ये थवे मोठे दिसतात पण दुपारी खाडीवर उभं राहणं म्हणजे परीक्षा, लहान मुलं किंवा वयस्क बरोबर असतील तर नको.

जायचं कसं. गाडीने एक्सप्रेसवे, नेरुळ साधारण १२० किलोमीटर. गाडी नसेल तर दादरची शिवनेरी पकडा, वाशीला उतरा, तिथून हार्बर लाइनने सीवूड्स दारावे. टी एस चाणक्य आणि एनआरआय कॉलनीच्या मागची पाणथळ जागा विचारली की रिक्षावाले बरोबर सोडतात. भरतीच्या दोन तास आधी तिथे बसा. बसा म्हणजे खरंच बसा, एका जागी. आधी बगळे आणि शेकाटे दिसतील, शेकाट्या ओळखायला सगळ्यात सोपा, लांब गुलाबी पायांवर काळापांढरा पक्षी. मग छोटे टिलवे, टिवळे, चोच वर वळलेला उचाट्या, असे गट यायला लागतात, आणि मग खाडीच्या बाजूने रोहित, म्हणजेच आपले फ्लेमिंगो. डोक्यावरून जाताना पंखाखालचा लाल-काळा रंग उघडतो, तो क्षण फोटोत येत नाही, त्यामुळे पहिल्या थव्याला कॅमेरा खाली ठेवा असं माझं म्हणणं आहे.

रोहित दोन जातींचे असतात आणि फरक चोचीवर बघायचा. मोठा रोहित पांढुरका, चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं, भिगवणला दिसतो तो हा. छोटा रोहित अंगाने गडद गुलाबी आणि चोच जवळजवळ सगळीच काळपट लाल. ठाण्याच्या खाडीत गर्दी असते ती या छोट्याची. तो पाण्यातलं शेवाळ गाळून खातो, डोकं उलटं करून, म्हणजे वरची चोच खाली, आणि त्या शेवाळातल्या रंगद्रव्यामुळेच गुलाबी होतो. १९९० च्या दशकात शिवडीच्या चिखलावर हे मोठ्या संख्येने यायला लागले, आता ठाणे खाडीतला आकडा चांगल्या वर्षी लाखाच्या वर जातो. २०१५ साली इथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ साली ठाणे खाडी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली.

बोटीतून बघायचं असेल तर ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, वाशीहून ठाण्याची ट्रान्स-हार्बर लोकल पकडली की ऐरोली त्याच लाइनवर. बोट भरतीच्या वेळेवर सुटते, पाणी नसेल तर बोट रुतते, त्यामुळे "आम्ही अकराला येऊ" असं आपण सांगायचं नसतं, ते सांगतील ती वेळ घ्यायची. आधी बुकिंग करूनच जा, पुण्याहून तीन तास जाऊन हात हलवत यायला नको.

पण खरं सांगू, नुसते पक्षी बघून परत आलात तर अर्धंच बघितलंत. काठावर, जिथे पक्का रस्ता किंवा लाकडी पूल असेल तिथे, ओहोटी सुरू झाली की खाली बघत उभं राहा. पहिली पाच मिनिटं काही नाही. मग चिखल हलायला लागतो. निवटी दिसते, मासा आहे पण पुढच्या परांवर सरपटत चिखलातून चालते, डोळे डोक्याच्या वर बेडकासारखे, आणि मध्येच एक डोळा आत ओढून ओला करून परत बाहेर काढते. ओल्या कातडीतून श्वास घेते म्हणून मधूनमधून लोळते. दोन नर समोरासमोर आले की पाठीचा पर ताठ उभा. शेजारी इवलेसे खेकडे, नराची एक नांगी अंगाएवढी मोठी, ती वरखाली हलवत बसतात, हजारोंनी, जणू सगळा काठ कोणाला तरी बोलावतोय. मी याच्यापुढे एकदा दीड तास उभी होते, चहा गार झाला. पहाटे किंवा संध्याकाळी नशीब असेल तर तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, कडेने कोल्हाही जाताना दिसतो.

तिवराचं एक पान उलटसुलट करून बघा, तोडू नका, नुसतं बोट फिरवा आणि जिभेला लावा. खारट. हे झाड खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. खालून पेन्सिली रोवल्यासारखी जी टोकं चिखलातून वर आलेली असतात ती त्याची श्वास घ्यायची मुळं, त्यांच्यावर पाय देऊ नका. तिवरांच्या मागे, जिथे पाणी फक्त उधाणालाच पोचतं, तिथे ऊन लागून मीठ साचतं आणि तिवरसुद्धा खुरटतं. तिथे मोरस वाढतो, बुटका, रसाळ पानांचा, उन्हाळ्यात लालसर होतो. हे खरं खाजण. बघणाऱ्याला ओसाड जमीन वाटते आणि म्हणूनच तिच्यावर भराव पटकन पडतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटी तोडायला बंदी घातली तेव्हापासून झाडाला तरी संरक्षण आहे, पण झाड न तोडताही खाजण मरतं, पाणी यायची वाट बुजवली की झालं. मला याचा फार त्रास होतो, कारण वाट एक पाइप टाकून उघडी ठेवता येते.

परत येताना पेणमार्गे या, पेण-खोपोली रस्त्याने घाट गाठता येतो, थोडं लांब पडतं पण या रस्त्यासाठीच मी गाडीने जा म्हणते. पेण-उरणच्या पट्ट्यात मिठागरं आहेत, पूर्वी पुष्कळ होती. आत शिरायच्या आधी तिथे काम करणाऱ्यांना विचारा, बांधावरून एका रांगेत चाला, कुंडीत, म्हणजे मीठ धरायच्या खणात, पाय घालू नका कारण तळ महिनाभर पायांनी बडवून घट्ट केलेला असतो. एका लिटर समुद्राच्या पाण्यात जेमतेम ३५ ग्रॅम क्षार. उधाणाचं पाणी आत घेतात, एका खणातून दुसऱ्यात फिरवत उन्हावर आटवतात, दहातला जवळजवळ नऊ भाग उडून जातो तेव्हा कुठे मीठ धरतं. एका काकांनी मला कुंडीच्या कडेला बसवून दाखवलं होतं, पाण्यावर आधी सायीसारखा पापुद्रा येतो, बोटाने टिचकी मारली की तो बुडतो, आणि तळाशी चौकोनी कण दिसायला लागतात. सगळं पाणी मात्र आटू द्यायचं नाही, शेवटचं उरलेलं सोडून द्यायचं, नाहीतर मीठ कडू होतं. आगरी लोकांचं नावच या आगरावरून आलंय असं म्हणतात.

आणि हे मीठ आपल्याकडे घाट चढून बैलांच्या पाठीवरून यायचं, तेव्हा आपला संबंध काही आजचा नाही. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलेलं पत्र आहे, गोव्यातल्या बारदेशातून येणारं मीठ स्वस्त पडतं म्हणून त्यावर जकात वाढवा, नाहीतर आपल्या संगमेश्वरच्या मिठाला गिऱ्हाईक राहणार नाही. पुढे इंग्रजांनी मिठावर कर बसवला, आणि १९३० च्या मे-जूनमध्ये वडाळ्याच्या मिठागरांवर लोक हजारोंनी चालून गेले. आज तिथे मोनोरेलचा मार्ग आहे.

पेणहून अलिबागच्या बाजूला वळलात तर खारेपाट. खाडीला बांध घालून, पाणी सोडायची-अडवायची दारं म्हणजे उघाडी बसवून, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन भातासाठी काढलेली जमीन. बांधाला एक खांड पडली की वर्षं फुकट. ज्यांनी ही जमीन कमावली ती कुळं, आणि पीक मोठ्या वाट्याने खोताकडे. अलिबाग तालुक्यातल्या चरीला १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप केला, शेतीच करायची नाही असा, आणि तो जवळजवळ सहा वर्षं चालला. १९३४ साली डॉ. आंबेडकर तिथे आले होते. हे बांध नुसते रस्त्याकडेचे मातीचे ढीग नाहीत एवढं डोक्यात ठेवून बघा.

बरोबर काय घ्यायचं: ८×४२ ची दुर्बीण, टोपी, माणशी दोन लिटर पाणी, फिकट रंगाचे कपडे. ड्रोन नाही. थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवणारे लोक भेटतात, त्यांना शांतपणे सांगा की भरतीला या पक्ष्यांना बसायला तेवढीच जागा उरलेली असते. आणि चिखलात उतरू नका, वरून सुकलेला दिसतो पण मांडीपर्यंत आत जातो, एकट्याने निघता येत नाही. बूट भरलेच तर घरी नेऊन बाथरूममध्ये लगेच पाणी ओतू नका, उन्हात पूर्ण वाळू द्या, मग झाडूने झटका, खाडीचा चिखल ओला असताना चिकटपट्टीसारखा पसरतो आणि वास आठवडाभर जात नाही.