जुन्या बँजोची ओळख: वाद्य, तारा, हात आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची स्वरलिपी

आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत जो ‘बेंजो’ वाजतो, त्याचे मूळ जपानमधल्या नागोया शहरात 1912 मध्ये तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे; बुलबुलतरंग हे त्याचेच भारतीय रूप. अमेरिकेतला बँजो हे पूर्णपणे वेगळे वाद्य आहे. लाकडी कड्यावर कातडे मढवलेले, लांब दांडीचे आणि पाच तारांचे असे हे वाद्य असून त्याची पाळेमुळे पश्चिम आफ्रिकेतल्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांत आहेत. 1840 ते 1900 या काळात हा बँजो ज्या पद्धतीने वाजवला जाई, त्या पद्धतीकडे कसे वळावे, हे येथे सांगितले आहे. सतार, सरोद किंवा ढोलकीशी थोडाफार परिचय असलेल्या माणसाला हे वाद्य फार लवकर जवळचे वाटते, असा माझा अनुभव आहे.

वाजवण्याआधी काही दिवस केवळ पाहण्यासाठी द्यावेत. नेदरलँड्समधल्या लायडन येथील संग्रहालयात सुरिनाममधून आणलेले अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले एक वाद्य आहे, तर पॅरिसच्या संगीत संग्रहालयात हैतीहून 1841 मध्ये मिळवलेला ‘बान्झा’ आहे. दोन्हींचे पोट भोपळ्याचे आहे. दक्षिण कॅरोलायनात 1785 ते 1790 च्या सुमारास जॉन रोझ यांनी काढलेल्या एका जलरंगचित्रात गुलामगिरीत असलेला एक माणूस असाच भोपळ्याचा बँजो वाजवताना दिसतो आणि त्या वाद्याला वरच्या बाजूला एक आखूड तार स्पष्ट दिसते. हे चित्र मोठे करून जरूर पाहावे, कारण ही आखूड तार जोएल स्वीनी या व्हर्जिनियाच्या गोऱ्या वादकाने शोधली अशी कथा पुष्कळ वर्षे सांगितली गेली आणि हे चित्र त्याच्या जन्माच्या आधीचे आहे. स्वीनी स्वतः कृष्णवर्णीय वादकांकडून शिकला होता. भोपळ्याच्या जागी लाकडी कडे रुळले ते पुढे. बाल्टिमोरच्या विल्यम बाउचर यांनी 1840 च्या दशकापासून बनवलेले असे काही बँजो आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहेत.

पहिले वाद्य म्हणून अस्सल जुने वाद्य विकत घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. बाउचरच्या नमुन्यावर आजही नवे बँजो बनवले जातात. त्यांतला एखादा पडद्यांविना घ्यावा. बँजोला पडदे सर्रास लागले ते 1880 च्या आसपास; त्याआधी सरोदाप्रमाणे कानाने जागा शोधावी लागे आणि जुन्या चालींमधल्या घसीटसारख्या हालचाली बिनपडद्याच्या दांडीवरच नीट समजतात. भोपळ्याचा बँजो हवा असेल तर आपल्याला एक सोय घरचीच आहे: पंढरपूर-मंगळवेढा परिसरातले भोपळे मिरजेच्या सतारमेकरांकडे येतात. तंबोऱ्याला लागतो त्याहून बराच लहान भोपळा मागून त्यावर शेळीचे कातडे मढवून घेता येते.

तारांच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. त्या काळात तारा आतड्याच्या असत आणि चौथी, खर्जाची तार रेशमाच्या धाग्यावर धातूची बारीक तार गुंडाळून केलेली असे. आज आतड्याच्या तारांऐवजी नायलॉनच्या किंवा आतड्यासारखा नाद देणाऱ्या नायलगटच्या तारा लावाव्यात. जुन्या वाद्यावर पोलादी तारा कधीही चढवू नयेत, कारण ती दांडी आतड्याच्या हलक्या ताणासाठी बनवलेली असते. पोलादाच्या ओढीने ती काही महिन्यांत कमानीसारखी वाकते आणि एकदा वाकलेली दांडी सरळ करणे हे कठीण आणि खर्चाचे काम आहे.

आता सुरावट. चौथ्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत सा, प, नि आणि तार सप्तकातला रे, अंगठ्याच्या आखूड तारेला तार सप्तकातला प. तारांमधले हे नाते साठ वर्षांत फारसे बदलले नाही. बदलत गेली ती पट्टी. बॉस्टनहून 1855 मध्ये निघालेल्या टॉम ब्रिग्ज यांच्या शिक्षणपुस्तकात खर्जाची तार पेटीच्या पांढरी पाचवर, म्हणजे ‘जी’ स्वरावर, आहे. फिल राइस यांच्या 1858 च्या पुस्तकात ती पांढरी सहा होते आणि शतकाच्या अखेरीस वाद्ये थेट पांढरी एकवर, म्हणजे ब्रिग्जच्या सुरापेक्षा पाच अर्धस्वर वर, लावली जाऊ लागली. सुरुवात ब्रिग्जच्या खालच्या सुरापासून करावी. तारा किंचित सैल लागतात आणि कातड्यातून घुमणारा, खोल, जरा दबका नाद निघतो. आजच्या बँजोचा खणखणाट कानात असेल तर पहिले दोन-तीन दिवस वाद्यात काही बिघाड आहे की काय असे वाटते, पण तोच त्या काळचा आवाज आहे.

जुन्या छापील संगीताची सर्वांत मोठी अडचण याच पट्टीतून जन्माला आली. वाद्ये वर चढली तरी अमेरिकेतल्या प्रकाशकांनी लिहिण्याची पद्धत बदलली नाही, त्यामुळे 1880-90 च्या दशकांतल्या पानावर पांढरी सहाचा स्वर लिहिलेला असतो आणि त्या काळच्या वाद्यातून पांढरी एक ऐकू येते. पांढरी सहाच्या इंग्रजी नावावरून याला ‘ए’ स्वरलेखन म्हणतात. इंग्लंडमध्ये मात्र जसे वाजते तसेच लिहीत, त्याला (पांढरी एकच्या नावावरून) ‘सी’ स्वरलेखन म्हणतात. अमेरिकेने ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस स्वीकारले. म्हणून कोणतेही पान समोर आले की आधी प्रकाशनाचे वर्ष व गाव पाहावे, मग सुरुवातीच्या तीव्र-कोमल खुणा पाहाव्यात. अमेरिकेतले 1900 पूर्वीचे पान असेल आणि आरंभी तीन किंवा चार तीव्र खुणा असतील, तर ते बहुधा ‘ए’ लेखन आहे. अशा वेळी स्वरांची नावे विसरून लिहिलेला सर्वांत खालचा ‘ए’ हा खर्जाच्या मोकळ्या तारेचा सा आहे असे धरावे आणि सरगमच्या नात्याने पुढे जावे. पेटीवर पट्टी बदलून गाणे वाजवणाऱ्या आपल्या लोकांना हे अजिबात जड जात नाही. अमेरिकेत 1900 पूर्वी छापलेले संगीत आता कॉपीराइटमुक्त आहे आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस तसेच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा लेव्ही संग्रह यांनी त्यातला मोठा साठा विनामूल्य खुला केलेला आहे.

हाताची पद्धत पुस्तकातून शिकताना पुस्तकाचे वर्ष पुन्हा उपयोगी पडते. ब्रिग्जच्या काळची पद्धत म्हणजे आघाताची पद्धत. उजव्या हाताची बोटे अर्धवट मिटलेली असतात. तर्जनीचे नख वरून खाली येऊन तारेवर पडते आणि त्याच हालचालीत अंगठा पाचव्या तारेवर टेकतो. हात वर उठताना अंगठा ती तार सोडतो आणि आखूड तारेचा पंचम वाजतो. पहिला आठवडा फक्त एवढेच करावे: पहिल्या तारेवर नख, मग अंगठा, पुन्हा नख, पुन्हा अंगठा, आणि तेही कातड्याच्या मध्यभागी न मारता दांडी जिथे संपते त्या बाजूला. मनगट सैल असेल तर दोन आवाज सारख्या अंतराने येतात, ताठ असेल तर अंगठा घाई करतो. पाचवी तार दिसायला सतारीच्या चिकारीसारखी आहे, पण तिचा उपयोग केवळ भरणीसाठी नाही; तिचा स्वर चालीच्या मधोमध, कित्येकदा ऐन मात्रा चुकवून येतो आणि या संगीताची सारी लय तिथेच आहे. बोटांनी तार वर ओढून वाजवायची ‘गिटार पद्धत’ फ्रँक कॉन्व्हर्स यांच्या 1865 च्या पुस्तकात सविस्तर येते. ती नंतर शिकावी. तिचे परिपक्व रूप ऐकायचे असेल तर व्हेस ऑसमन आणि फ्रेड व्हॅन एप्स यांची मेणाच्या नळकांड्यांवरची ध्वनिमुद्रणे सँटा बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात ऐकता येतात.

या पानांबाबत आणखी एक गोष्ट जाणून घेणे आवश्यक आहे. हे संगीत मोठ्या प्रमाणावर ‘मिन्स्ट्रेल’ खेळांमधून पसरले. त्यांत गोरे नट तोंडाला काळे फासून गुलाम माणसांची टिंगल करत. 1843 मध्ये न्यूयॉर्कमध्ये असा पूर्ण खेळ प्रथम रंगमंचावर आला. मुखपृष्ठांवरची चित्रे आणि कित्येक गीतांचे शब्द किळसवाणे आहेत. मी चाल वाजवतो, शब्द गात नाही, आणि ऐकणाऱ्याला चाल कुठून आली ते सांगतो. त्याबरोबरच होरेस वेस्टन यांच्यासारख्या कृष्णवर्णीय वादकांची माहिती मुद्दाम मिळवावी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची गणना सर्वश्रेष्ठ बँजोवादकांत होत असे.

हात बसल्यावर अस्सल जुने वाद्य घ्यावेसे वाटेलच. फिलाडेल्फियाच्या एस. एस. स्ट्युअर्ट यांची 1880-90 च्या दशकांतली वाद्ये आजही अधूनमधून विक्रीला येतात. विक्रेत्याकडून कातड्याच्या मागच्या बाजूची छायाचित्रे अवश्य मागावीत: कड्याच्या आतून आरपार जाणाऱ्या काठीवर बहुधा निर्मात्याचा शिक्का असतो. दांडी आणि कडे जिथे जुळतात त्या टाचेचे छायाचित्र दोन्ही बाजूंनी मागावे. मी ते मागितले नाही आणि माझ्या हाती आलेल्या वाद्याच्या टाचेत रंग भरून लपवलेली बोटभर चीर निघाली. वाद्य परदेशातून आणायचे असेल तर खुंट्या हस्तिदंताच्या किंवा दांडी ब्राझिलियन रोजवुडची नाही ना, हे लेखी विचारून घ्यावे. दोन्हींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींविषयीच्या कराराने कडकपणे नियंत्रित केलेला आहे आणि परवान्याशिवाय वाद्य सीमाशुल्क खात्यात अडकते.

कातड्याची निगा आपल्या हवेत जास्त लागते. कोकणातल्या पावसाळ्यात ते ढोलकीच्या पुडीसारखे उतरते. तेव्हा कड्याभोवतीचे सगळे आकडे थोडे थोडे, समोरासमोरच्या जोडीने आवळावेत. हिवाळा सुरू होताच तेच आकडे आठवणीने सैल करावेत, कारण कोरड्या हवेत आखडलेले कातडे रात्रीतून फाटते. नवे कातडे मढवताना ते साध्या पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवावे, कड्यावर सुरकुती न पडेल इतपतच ताणावे आणि सावलीत दोन दिवस वाळू द्यावे. ओले असताना आवळण्याचा मोह टाळावा. पूर्ण वाळल्यावर रोज पाव वेढा याप्रमाणे आठवडाभरात ते सुराला आणावे आणि मगच घोडी उभी करून तारा चढवाव्यात.