फाइलझिलात फाइल खरंच पोहोचली का, कसं पाहाल?

दिवाळी अंकाची पानं छापखान्याच्या सर्व्हरवर चढवायची असोत किंवा संस्थेच्या वेबसाइटचे फोटो, बहुतेक जण फाइलझिलात फाइली ओढून टाकतात, खालची यादी रिकामी होताना पाहतात आणि लॅपटॉप मिटतात. घोळ इथेच होतो. अयशस्वी ठरलेली फाइलसुद्धा त्या यादीतून निघून जाते, म्हणून रिकामी यादी हा फाइल पोहोचल्याचा पुरावा नाही.

फाइलझिला हा संगणक आणि सर्व्हर यांच्यात फाइली चढवण्या-उतरवण्याचा, टिम कोसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेला मोफत, मुक्तस्रोत प्रोग्राम. त्याच्या खिडकीत वर संदेशांची नोंद दिसते, मधे डावीकडे तुमचा संगणक आणि उजवीकडे सर्व्हर, आणि तळाशी रांग, म्हणजे तीच खालची यादी. रांग दिसत नसेल तर 'व्ह्यू' मेनूतून 'ट्रान्सफर क्यू' चालू करा.

रांगेखाली तीन टॅब आहेत: 'क्यूड फाइल्स', 'फेल्ड ट्रान्सफर्स' आणि 'सक्सेसफुल ट्रान्सफर्स'. काम चालू असताना पहिल्या टॅबमध्ये फाइलीचं नाव, आकार, बाण कोणत्या दिशेला आहे, वेग आणि उरलेला वेळ दिसतो. बाणाकडे जरूर बघा. घाईत जुनी फाइल सर्व्हरवरून खाली उतरून तुमच्या नव्या फाइलीवर बसू शकते. एखादी फाइल तातडीची असेल तर तिच्यावर राइट क्लिक करून 'सेट प्रायॉरिटी'मधून तिला पुढे आणा.

रांग संपली की आधी दुसरा टॅब उघडा. तिथे आकडा दिसला तर काहीतरी राहिलंय. कारण वरच्या नोंदीत, लाल अक्षरांत सापडतं. एफटीपी या फाइली पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत सर्व्हरच्या प्रत्येक उत्तराला तीन अंकी क्रमांक असतो. २२६ म्हणजे हस्तांतर पूर्ण. ५५० आला तर बहुतेक वेळा त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसते किंवा पत्ता चुकलेला असतो. ५५२ म्हणजे तिथली ठरवून दिलेली जागा संपली, आणि ५३० म्हणजे लॉगिन झालं नाही. ४२१ वारंवार येत असेल तर सर्व्हरला एकाच वेळी इतक्या जोडण्या नको असण्याची शक्यता असते. 'एडिट'मधून 'सेटिंग्ज', तिथे 'ट्रान्सफर्स'मध्ये जाऊन एका वेळच्या हस्तांतरांची संख्या २ वरून १ करा. एसएफटीपी या दुसऱ्या, सुरक्षित पद्धतीत हे क्रमांक नसतात. तिथे वाक्यच वाचावं लागतं.

कारण दूर केलं की फेल्ड टॅबमध्ये राइट क्लिक करून 'रीसेट अँड रीक्यू ऑल' निवडा, मग पहिल्या टॅबवर येऊन कंट्रोल-पी दाबा. वीज गेल्यामुळे मोठी फाइल अर्ध्यात तुटली असेल तर फाइलझिला विचारतो की तिथल्या फाइलीचं काय करू. 'रिझ्यूम' म्हटलं की जिथे तुटलं तिथून पुढे सुरू होतं. मात्र मधल्या वेळेत तुम्ही ती फाइल बदलली असेल तर रिझ्यूम कधीच करू नका. जुन्या अर्ध्याला नवा अर्धा चिकटतो, आकार बरोबर दिसू शकतो आणि फाइल उघडत नाही. अशा वेळी 'ओव्हरराइट'च.

वरची नोंद प्रोग्राम बंद केला की जाते. काम दुसऱ्याला दाखवावं लागणार असेल तर 'सेटिंग्ज'मधल्या 'लॉगिंग'मध्ये वेळेचा शिक्का आणि फाइलीत नोंद ठेवण्याचा पर्याय, दोन्ही आधीच चालू करून ठेवा. कुठली फाइल किती वाजता गेली, हे छापखान्याशी बोलताना फार कामाला येतं.

शेवटी मी दोन्ही बाजू ताडून पाहायला सांगेन, आणि माझ्या मते ही पायरी टाळूच नये. दोन्हीकडे तेच फोल्डर उघडा आणि कंट्रोल-ओ दाबा. पिवळी फाइल फक्त त्या एकाच बाजूला आहे, लाल फाइलींचे आकार जुळत नाहीत, हिरवी दुसऱ्या बाजूपेक्षा नवी आहे. तुलना आकारावर व्हावी की तारखेवर, हे 'व्ह्यू' मेनूतच ठरवता येतं. पीडीएफ किंवा फोटो लाल दिसला तर पुन्हा पाठवा. विंडोजवरून लिनक्स सर्व्हरवर गेलेल्या मजकुराच्या फाइली मात्र लाल दिसूनही ठीक असू शकतात, कारण आस्की पद्धतीत, म्हणजे फाइल साधा मजकूर समजून पाठवताना, ओळीच्या शेवटची खूण बदलते आणि दर ओळीला एक बाइट कमी होतो. त्या एकदा उघडून पाहा.