प्री-मेडचा मेजर निवडताना आधी भागाकार करा

अमेरिकेत एमडी ही पदवीनंतरची चार वर्षांची पदवी आहे. प्री-मेड म्हणजे तिच्या प्रवेशासाठी कॉलेजात करायची तयारी; त्या नावाचा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बहुतेक कॉलेजांत नसतो. बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक आणि फिजिक्स लॅबसकट करावंच लागतं, मेजर कुठलाही असो. एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. बारावीनंतर नीट देऊन थेट एमबीबीएसला लागलेल्या पुण्या-नाशिकच्या भावंडांशी तुलना घरात सुरू झाली असेलच, ती कानाआड करा. त्यांची वाट वेगळी, आपली वेगळी.

मग मेजर कुठला घ्यायचा? ज्यात तुम्हाला सातत्याने ए ग्रेड मिळेल तो. हे ऐकायला उथळ वाटतं, पण मी त्यावर ठाम आहे. एएएमसी, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना, दरवर्षी मेजरनिहाय आकडे जाहीर करते. त्यात बायोलॉजीवाल्यांची गर्दी सगळ्यात मोठी असते, पण गणित किंवा ह्युमॅनिटीजवाल्यांच्या प्रवेशाचं प्रमाण त्यांच्यापेक्षा कमी नसतं. म्हणून लगेच फिलॉसॉफीला पळू नका. तो विषय मनापासून आवडणारेच बहुधा तिकडे जातात आणि म्हणून त्यांना ग्रेडही चांगले मिळतात. तुम्ही नुसत्या हिशेबासाठी गेलात तर कांटवरचा पेपर तुम्हाला ऑरगॅनिकपेक्षा जड जाईल.

मी बायोमेडिकल इंजिनिअरिंग घेतलं. घरचं म्हणणं सरळ होतं, मेडिकलला नंबर नाही लागला तर हाताशी इंजिनिअरिंगची डिग्री राहील. हे म्हणणं चुकीचं नाही, आजही नाही. पण त्यात एक खड्डा आहे. मी त्यात पडले, म्हणून तो सविस्तर सांगते. कंटाळा आला तरी वाचा.

बहुतेक एमडी मेडिकल स्कूलचा अर्ज एएमकॅस या सामाईक अर्जसेवेमार्फत जातो आणि एएमकॅस तुमचा जीपीए, म्हणजे ४ पैकी ग्रेडची सरासरी, स्वतः नव्याने काढतं. त्यात दोन खाती असतात. एक बीसीपीएम, म्हणजे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ. दुसऱ्यात बाकी सगळं. कोर्स मुळात कशाबद्दल आहे यावर त्याचं खातं ठरतं, तो कुठल्या विभागाने शिकवला यावर नाही. न्यूरोसायन्स बायोलॉजीत जातं, बायोस्टॅटिस्टिक्स मॅथमध्ये. सायकॉलॉजी, पब्लिक हेल्थ, कॉम्प्युटर सायन्स दुसऱ्या खात्यात. आणि इंजिनिअरिंगही दुसऱ्याच. सर्किट्स, बायोमेकॅनिक्स, सिग्नल प्रोसेसिंग, ज्यांच्यासाठी रात्र रात्र जागलात, ते सायन्स जीपीएत, म्हणजे बीसीपीएममध्ये, येतच नाही.

आता त्याचा परिणाम बघा. समजा तुमचे बीसीपीएमचे ४० क्रेडिट (कोर्सचं वजन मोजायचं एकक) आहेत. त्यातल्या ३६ ची सरासरी ३.८ आहे. उरलेले ४ ऑरगॅनिकचे, तिथे सी पडला, म्हणजे २.०. तुम्ही कोर्स पुन्हा केला आणि ए मिळवला. बरीच कॉलेजं अशा वेळी जुना ग्रेड बाजूला ठेवून नवा धरतात, त्यामुळे पोर्टलवर ३.८२ दिसतं. आमच्या ॲडव्हायझर बाईंनीही तेच सांगितलं होतं, "रिप्लेस झाला, विसरून जा." पण एएमकॅस दोन्ही ग्रेड धरतं. भागायचं ४४ ने, आणि उत्तर येतं ३.६५. तोच सी, तोच ए, पण मेजर बायोलॉजी आणि बीसीपीएमचे क्रेडिट ४० ऐवजी ६४ असते, तर भागायचं ६८ ने आणि उत्तर ३.७१ आलं असतं. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी एकूण जीपीए हल्ली ३.७५ च्या वर असतो, म्हणजे हा फरक किरकोळ नाही. इंजिनिअरिंगवाल्याच्या सायन्स खात्यात क्रेडिट थोडे असतात, म्हणून एकच सी जास्त खोल रुततो. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तरी मी मेजर बदलला नसता कदाचित, पण दुसऱ्या वर्षी जेनेटिक्स आणि बायोस्टॅटिस्टिक्स नक्की घेतलं असतं.

सीनिअर सांगतील, डीओच्या (एमडीसारखीच डॉक्टर होण्याची दुसरी पदवी) अर्जात नवा ग्रेडच धरतात. पूर्वी धरायचे. २०१७ पासून ते बंद झालं. सल्ला देणाऱ्याने स्वतः अर्ज कधी केला होता, हे आधी विचारत जा.

यावरून मार्गदर्शकांबद्दलचं माझं मत सांगून टाकते. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटणारे डॉक्टर काका-काकू प्रेमळ असतात, शॅडोइंगला (डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम बघायला) जरूर न्या म्हणावं, पण त्यांना मेजर विचारू नका. ते एमबीबीएस करून, परीक्षा देऊन थेट रेसिडेन्सीला, म्हणजे इथल्या इस्पितळातल्या प्रशिक्षणाला, आले. एएमकॅसचा अर्ज त्यांनी जन्मात भरलेला नाही. हजारो डॉलर घेणाऱ्या कन्सल्टंटपेक्षा नुकतीच मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षाला लागलेली ताई बरी. आणि 'दोन वर्षं वाचतील' म्हणून कॅरिबियनची जाहिरात कोणी पुढे केली, तर परत येऊन रेसिडेन्सी किती जणांना मिळते ते आधी विचारा.

एमकॅटसाठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी, अमुक मेजर लागतो, हे तितकंसं खरं नाही. गुण ४७२ ते ५२८ मध्ये मिळतात, भाग चार. २०१५ पासून सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा स्वतंत्र भाग आहे. उताऱ्यांच्या भागात सायन्स औषधालाही नसतं, तिथे भरपूर वाचणारी मुलं सायन्सवाल्यांना मागे टाकतात. बायोकेमिस्ट्री मात्र परीक्षेआधी झालीच पाहिजे, त्यात सूट नाही.

एच-४ वर, म्हणजे आई-वडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून, असलेल्यांनी पुढचं दोनदा वाचा. २१ पूर्ण होईपर्यंत घरात ग्रीन कार्ड आलं नाही तर तुम्ही बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाल. एफ-१ वाल्यांना बऱ्याच मेडिकल स्कूल घेत नाहीत, आणि ज्या घेतात त्यांतल्या काही फीचे पैसे आधीच दाखवायला किंवा भरायला सांगतात. इथे मेजर खरंच महत्त्वाचा ठरतो. हल्ली पदवी आणि मेडिकल स्कूल यांच्यामध्ये एखादं वर्ष घेणं सर्रास झालंय, पण एफ-१ वर ते वर्ष ओपीटीवर, म्हणजे पदवीनंतरच्या कामाच्या परवानगीवर, काढावं लागतं. इंग्लिश किंवा हिस्टरी घेतलं तर १२ महिने. स्टेमच्या (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ) यादीतला मेजर असेल तर वर आणखी २४ मिळू शकतात. 'ज्यात ए मिळेल तो घ्या' हा माझाच सल्ला इथे मी मागे घेते. स्टेममधलंच काहीतरी आवडून घ्या.

घाबरवायचा हेतू नाही. एका सी ने दार बंद होत नाही, मी आज मेडिकल स्कूलमध्येच बसून हे लिहितेय. पुढच्या सेमिस्टर्सना आलेख चढता असेल तर वाचणाऱ्याला तो दिसतो. पहिल्या मिडटर्मला ४२ पडले म्हणून मेजर बदलू नका, आधी वर्गाची सरासरी बघा, ती ४५ सुद्धा असू शकते.

रजिस्ट्रेशन उघडायच्या आधी एक स्प्रेडशीट करा. कोर्स, क्रेडिट, ग्रेड, खातं, एवढे चार रकाने पुरे. पुन्हा केलेला कोर्स दोन ओळींत लिहा. आणि हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात ड्युअल एन्रोलमेंटचं एखादं कॅल्क्युलस हौसेने केलं असेल, तर तो ग्रेडही त्यात लिहा. एएमकॅस त्या कॉलेजचीही ट्रान्सक्रिप्ट मागतं.