टर्की पक्ष्यात पेंढा भरायचाय? आधी पिसं सांभाळा

पेंढा भरणं असं आपण म्हणतो खरं, पण आत पेंढा नसतो. फोमच्या साच्यावर खरी कातडी पिसांसकट चढवतात. साचा विकत मिळतो. त्या पक्ष्याची पिसं मिळत नाहीत. म्हणून टॅक्सिडर्मिस्टकडे, म्हणजे ही कातडी चढवणाऱ्या कारागिराकडे, पोचेपर्यंतचं काम तुमचं.

इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, वसंतातला शिकारीचा हंगाम मुख्यतः मे महिन्यात, फक्त दाढीवाल्या टर्कीचा. ही दाढी म्हणजे छातीवर लोंबणारा राठ केसांसारखा झुबका. डोक्यामानेवर छरे लागून टर्की पडला तरी मिनिटभर जोरात फडफडतो. माझ्या पहिल्या टर्कीने तेवढ्यात दगडगोट्यांवर शेपटीची तीन पिसं मोडून घेतली. मोठी पिसं असतात साधारण १८, त्यातली मधलीच गेली. म्हणून आधी बंदूक सेफ्टीवर टाका, मग दोन्ही पाय धरून पक्षी जमिनीपासून अधांतरी उचला. पायावरचे काटे चांगलेच बोचतात, तेव्हा हातमोजे हवेत. पंख किंवा शेपटी अजिबात धरू नका.

पक्षी शांत झाला की जागेवरून हलवण्याआधी शिकारीच्या परवान्यासोबतचा टॅग भरून बांधा. लगेच डोक्याचे फोटो काढा, दोन्ही बाजूंनी, अगदी जवळून. लाल, निळा, पांढरा हे रंग बघता बघता उतरतात आणि पुढे कारागिराला ते रंगवूनच आणावे लागतात.

आता रक्त. कोरड्या पेपर टॉवेलने नुसतं टिपा, चोळलंत तर ते पिसांच्या मुळाशी जातं. चोचीत आणि छऱ्यांच्या जखमांत कापसाचे बोळे घाला. गळलेली पिसं गोळा करून पाकिटात ठेवा, मोडकीसुद्धा.

पोट फाडू नका. मांसही हवं असेल तर टॅक्सिडर्मिस्टला आधीच फोन करून विचारा. कातडी त्यालाच सोलू द्यावी. पक्षी सावलीत ठेवा, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर नकोच. कातडी सडायला लागली की पिसं हातात येतात, आणि मग काही उपाय नसतो.

त्याच दिवशी नेता येत नसेल तर फ्रीझर. इथे मात्र घाई करू नये. डोकं आणि पाय ओलसर पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून वर प्लास्टिक लावा, नाहीतर तिथली पातळ कातडी फ्रीझरमध्ये सुकते. डोकं पंखाखाली घ्या, पंख अंगाशी मिटवा, पिसं हाताने वरून खाली सारखी करा. शेपटीच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावा. चिकटपट्टी पुठ्ठ्याला, पिसांना नाही. मग मोठ्या पिशवीत डोक्याच्या बाजूने सरकवा. शेपटीकडून घातलात तर सगळी पिसं उलटी फिरतात. हवा काढा, दुसरी पिशवी चढवा, तारीख लिहा. वर काही ठेवायचं नाही. मटारची पाकिटं ठेवायला घरचे टपलेलेच असतात!

नेताना गोठलेलाच न्या; वाटेत वितळवून पुन्हा गोठवू नका. पिसारा फुलवलेला टर्की हवा असेल तर निघण्यापूर्वी घरातली भिंत टेपने मोजा. आमचा शेवटी जिन्यात लागला.