वाइन चाखताय? या चुका टाळा

'लाल वाइन फ्रिजमध्ये ठेवायची नसते,' हे वाक्य मी आमच्या द्राक्षबागेतल्या टेस्टिंगच्या टेबलावर इतक्यांदा ऐकलंय की हल्ली नुसती मान डोलावतो आणि शिराजची बाटली फ्रिजमधूनच काढतो. खोलीच्या तापमानाचा नियम आला युरोपातून. तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. नाशिकला एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दिवाणखान्यातही तिशीच्या खाली काही नसतं. एवढ्या गरम वाइनमधून आधी नाकात शिरतो तो अल्कोहोल, फळाचा वास नंतर, तोही उरला असेल तर.

मागे एक मंडळी दुपारी सहा बाटल्या घेऊन गेली. गाडी उन्हात, बाटल्या डिकीत, आणि स्वारी सापुताऱ्याला. रात्री फोन: 'तुमची वाइन नासकी निघाली.' दुसऱ्या दिवशी बाटल्या घेऊन हजर. बुचं वर सरकलेली, गळ्याशी चिकट ओघळ. तापली की वाइन फुगते आणि बूच ढकलते, एवढी साधी गोष्ट. उघडून वास घेतला, तर आटवलेल्या जॅमसारखा. आमच्या दादांनी दोन बाटल्या बदलून दिल्या. मी एकही दिली नसती. निघताना 'सीटखाली सावलीत ठेवा' असं सांगितलं होतं, पण तेव्हा सगळे सेल्फीत.

माझी सवय सांगतो. लाल वाइन ओतण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये. पांढरी उलट, फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर, कारण चार-पाच अंशांवर शेनिन ब्लांला ना वास राहतो ना चव. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. ग्लासात बर्फ टाकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना सरबत देतो.

दुसरा माझा आवडता राग म्हणजे 'नॉनव्हेज म्हणजे रेड'. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा समोर घेऊन लोक सगळ्यात कडक लाल वाइन मागतात. जिभेवर उष्णता ओळखणारी जी यंत्रणा असते, तिलाच मिरची चेतवते आणि अल्कोहोल तिला आणखी हळवी करतो. त्यात शिराजचा तुरटपणा. दोन घोटांत तोंडाची आग होते आणि दोष येतो वाइनवर. मिसळ, ठेचा, तांबडा रस्सा यांच्यासोबत थोडी गोडसर, थंड शेनिन ब्लां घ्या. गोडी मिरचीला आवरते. शिराज प्यायचीच असेल, तर तिखट बेताचं ठेवून सुकं मटण करा. मटणाची चरबी आणि प्रथिनं तो तुरटपणा मऊ करतात, तिथे तिची खरी मजा.

मासळीचंही तसंच. सुरमईच्या तुकडीवर लिंबू पिळतो, तीच आंबट धार सोव्हिन्यॉं ब्लां या पांढऱ्या वाइनमध्ये असते, म्हणून ती जोडी जमते. कोथिंबीर वडीलाही हीच वाइन. बांगड्यासारख्या तेलकट माशासोबत लाल वाइन घेतली तर तोंडात लोखंडाची चव येते. हा दोष माशाचा नाही, वाइनमधल्या लोहाची माशाच्या तेलाशी गाठ पडते. पुरणपोळीसोबत कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाइन नुसती आंबट लागते. तिथे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइनच हवी. वाइन पदार्थापेक्षा किंचित जास्त गोड असावी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

बाकीच्या चुका भराभर. अत्तर फवारून टेस्टिंगला येऊ नका. तुमच्यासोबत शेजाऱ्याचीही चाखणी वाया जाते. पान, तंबाखू, मिंटची गोळी अर्धा तास आधी बंद. ग्लास काठोकाठ भरायला लावू नका, तिसरा हिस्सा पुरे, नाहीतर वास मोकळा करायला तो फिरवणार कसा? गोड वाइनपासून सुरुवात केली की पुढच्या सगळ्या बेचव लागतात. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं ते शोभेला नाही. सहा वाइन गिळून सातवीवर मत देणाऱ्यांचं मत मी वहीत लिहीत नाही.

'जितकी जुनी तितकी भारी' हा समज शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली उभ्या ठेवलेल्या बाटल्यांनी जिवंत ठेवलाय. आमच्यासारख्या छोट्या बागेची पांढरी आणि रोझे, म्हणजे गुलाबी, वाइन दोनेक वर्षांत प्यायचीच असते. आणि 'गेल्या वर्षीसारखीच द्या' हा हट्ट सोडा. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळ धरण्यासाठी वेल छाटल्यावर, अवकाळी झाला किंवा तोडणी आठवडाभर पुढे गेली, तरी चव बदलते. घरच्या बागेत ती झाकायला दुसऱ्या पंचवीस बागांचा माल नसतो.

उघडलेली बाटली, लाल असली तरी, बूच लावून फ्रिजमध्ये. तीन-चार दिवसांत संपवा. नाही संपली तर मटण मुरवायला घाला.