उभी गाडी आडवी झाली तर, आणि असेच न सांगण्याजोगे घोटाळे

मोटारसायकलवाल्याची फजिती वेगात फारशी होत नाही. ती सिग्नलला होते, पार्किंगमध्ये होते, नाहीतर घरी हातात पाना असताना होते. गाडी जवळपास थांबलेली असल्याने पहिल्या चुकीचं नुकसान बहुधा किरकोळ असतं: एखादा आरसा, एखादा लिव्हर, थोडा रंग. खर्च वाढतो तो पुढच्या अर्ध्या मिनिटात, कुणी बघायच्या आत सगळं सावरायच्या धडपडीत.

गाडी सुरूच होत नाही

मेकॅनिकला फोन लावण्याआधी उजव्या मुठीजवळचा किल स्विच बघा. गाडी पुसताना, कव्हर ओढताना किंवा पोरांच्या खेळात तो बंद होतो. इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) बऱ्याच गाड्यांत चावी फिरवली की टाकीतल्या पेट्रोल पंपाचा दोन-तीन सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज येतो. तो आला नाही, तर पहिला संशय याच स्विचवर. त्यानंतर साइड स्टँड: तो खाली असेल तर अनेक गाड्या गिअर टाकताच बंद पडतात. काही गाड्यांचा स्टार्टर क्लच दाबल्याशिवाय फिरत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद राहिला असेल, तर गाडी झकास सुरू होते, फ्लोट बाउलमधलं (कार्बोरेटरच्या वाटीतलं) पेट्रोल संपेपर्यंत पळते आणि बरोबर चौकात मरते.

हे न बघता स्टार्टर दाबत राहिलात, तर बॅटरी उतरते आणि किल स्विच सापडूनही गाडी ढकलावी लागते. एका वेळी पाच सेकंदच दाबा, मध्ये दहा-पंधरा सेकंद थांबा. चोक ओढून बरेच प्रयत्न झाले आणि पेट्रोलचा वास यायला लागला, तर प्लग ओला झालाय. चोक बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि पाच-सहा सेकंद स्टार्टर मारा. जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर बाहेर जातं. इंजिन पकडलं की थ्रॉटल लगेच सोडा.

गाडी आडवी झाली

उभ्या गाडीच्या पडण्याला नेहमीची दोन कारणं असतात. हळू वळताना, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबणं हे पहिलं. पुढचं चाक अडतं, सगळं वजन वळणाच्या आतल्या बाजूला जातं आणि गाडी बसते. चालण्याच्या वेगात फक्त मागचा ब्रेक वापरा, क्लच अर्धा धरा, आणि पुढचा दाबायचाच असेल तर आधी हँडल सरळ करा. दुसरं कारण बुटाची लेस. ती फूटरेस्टला किंवा गिअर लिव्हरला गुंडाळली जाते, सिग्नलला पाय निघत नाही आणि माणूस गाडीसकट सावकाश आडवा होतो. गाठीचे फास बुटाच्या आत खोचा, एवढंच.

गाडी एका मर्यादेपलीकडे कलली, की ती सोडून द्या आणि पाय बाजूला घ्या. दीडशे-दोनशे किलो पेलायच्या नादात पाठ किंवा घोटा जातो. लिव्हर बाजारात मिळतो.

उचलताना हा क्रम पाळा:

१. किल स्विच आणि चावी बंद करा. कॉक असेल तर तोही. पेट्रोल सांडलं असेल तर आसपास कुणाला सिगारेट ओढू देऊ नका.
२. गाडी उजव्या अंगावर पडली असेल, तर उचलायच्या आधीच साइड स्टँड बाहेर काढा, नाहीतर ती पलीकडे पडेल. शक्य असेल तर गिअर टाका, म्हणजे चाक फिरणार नाही.
३. गाडीकडे पाठ करून उकिडवे बसा आणि सीटच्या कडेला कंबरेखालचा भाग टेकवा. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवून खालची मूठ एका हाताने धरा, दुसऱ्या हाताने मागची दांडी किंवा फ्रेम. इंडिकेटर धरू नका, तुटतो. सायलेन्सर धरू नका, भाजतो.
४. पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर रेटा आणि लहान लहान पावलं मागे टाका.

उभी झाली की लगेच स्टार्टर मारायचा मोह आवरा. आडव्या गाडीत इंजिनातलं तेल एअर बॉक्सकडे (एअर फिल्टरच्या डब्याकडे), कधी सिलिंडरमध्येही शिरतं. पाच-दहा मिनिटं थांबा. स्टार्टर एकदम अडला तर पुन्हा दाबू नका. सिलिंडरमध्ये द्रव असू शकतो आणि तो दाबला जात नाही, पिस्टनचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. प्लग काढून इंजिन फिरवा, पण प्लगच्या भोकासमोर तोंड नको. सुरू झाल्यावर थोडा निळसर धूर येतो, तो काही मिनिटांत जायला हवा. काही गाड्यांत आडवं पडल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. चावी बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय त्या सुरू होत नाहीत. निघण्यापूर्वी थ्रॉटल सोडल्यावर झटकन बंद होतो का, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतं का, आणि दोन्ही ब्रेक लागतात का, हे बघाच.

डिस्क लॉक तसंच राहिलं

चोरी होऊ नये म्हणून पुढच्या ब्रेकच्या डिस्कला लावलेलं कुलूप काढायचं राहतं. चाक जेमतेम अर्धा फेरा फिरतं आणि लॉक कॅलिपरवर, म्हणजे डिस्कला पकडणाऱ्या ब्रेकच्या भागावर, आदळतं. पुढे जोर लावू नका. गाडी थोडी मागे घ्या, लॉक मोकळं होईल आणि चावी फिरेल. मग पुढचं चाक उचलून हाताने फिरवा: डिस्क लचकते का, एबीएसचं (चाक अडू न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेचं) दात्यांचं चक्र वाकलंय का, सेन्सरची वायर ओढली गेली का. ब्रेक दाबताना लिव्हर थरथरत असेल तर डिस्क वाकलीय. लॉकपासून हँडलपर्यंतची रंगीत स्प्रिंगवायर हाच यावरचा खरा उपाय.

घरच्या दुरुस्तीतले घोटाळे

सगळ्यात धोकादायक घोटाळा नव्या ब्रेक पॅडचा. पॅड घालताना पिस्टन मागे ढकलले जातात, त्यामुळे पहिले काही दाब फक्त ते डिस्कपर्यंत आणण्यात जातात. हे विसरून निघालेला माणूस पहिल्याच फाटकावर आदळतो. गाडीवर बसण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. कॅलिपर काढलेलं असताना मात्र लिव्हरला हात लावू नका, पिस्टन बाहेर येतो. लिव्हरवर आधीच चिकटपट्टी गुंडाळून ठेवा. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल रंग खातं. टाकीवर सांडलं तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता.

ऑइल बदलताना माहितीपुस्तकात एकाच इंजिनाचे दोन-तीन आकडे असतात: फक्त ऑइल बदलताना, फिल्टरसकट, आणि इंजिन पूर्ण खोलल्यावर. तिसरा आकडा वाचून ओतलं, की जास्तीचं तेल एअर बॉक्समध्ये येतं. जुन्या फिल्टरचं रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिलं आणि त्यावर नवं बसलं, तर इंजिन सुरू होताच तेलाची धार लागते. काढलेल्या फिल्टरवर रिंग आहे ना, ते बघून मगच तो टाका.

ड्रेन प्लग (तेल काढायचा इंजिनाखालचा बोल्ट) सुरुवातीला बोटांनीच फिरवा, वॉशर नवा घाला. अनेक गाड्यांत त्याचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, २० ते ३० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, नेमका आकडा पुस्तकात मिळेल. लांब पान्याने ‘अजून थोडं’ केलं, की ॲल्युमिनियमचे आटे जातात. प्लग घट्ट होण्याऐवजी नुसता फिरायला लागला तर थांबा. टेप, सील, मोठा बोल्ट ठोकून बसवणं, यांतलं काही टिकत नाही. हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून घ्या.

चेन साफ करताना इंजिन बंदच हवं. गिअरमध्ये फिरत्या चेनला फडकं लावलं की फडक्याबरोबर बोट स्प्रॉकेटमध्ये जातं, आणि परत येत नाही. चाक हाताने फिरवा. ओ-रिंगच्या (कड्यांत रबरी रिंगा असलेल्या) चेनला पेट्रोल नको, रॉकेल किंवा चेन क्लीनर चालतो.

चमक आणि वितळलेला रेनकोट

टायर पॉलिश फक्त बाजूच्या भिंतीला, आणि खरं तर तिथेही कशाला. जमिनीला टेकणाऱ्या भागावर गेलं तर साबणाच्या पाण्याने घासून काढा. डिस्कवर तेलाचा फवारा गेला तर ब्रेक क्लीनरने पुसा. पॅडने तेल प्यायलं असेल तर पॅड बदला.

गरम सायलेन्सरला रेनकोट किंवा कव्हर चिकटलं, की लोक स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावतात आणि क्रोमवर कायमच्या रेघा मारतात. इंजिन एक-दोन मिनिटं चालवा, प्लास्टिक मऊ झालं की बंद करा आणि लाकडी पट्टीने खरवडा. उरलेला डाग सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावर ॲसिटोनने काढा. गरम असताना लावलं तर पेट घेईल. रंगवलेल्या सायलेन्सरला ॲसिटोन लावू नका, डागाबरोबर रंगही निघतो.